एका कोयत्याचं वजन

“ती लाल नका घेऊ, काका. ती पळायची फळी हाय. नवशिक्याला दोन मिनिटांत पाण्यात फेकती.”

गहिनीनाथनं लाल फळीवरचा हात नाइलाजानं काढला. शेळीच्या पाठीवरून फिरवावा तसा तो मघापासून तिच्यावरून हात फिरवत होता. अर्जुनरावानं कोपऱ्यातली पांढरी फळी ओढून पुढं आणली. चांगली दाराएवढी रुंद, आणि जाडजूड. दिसायला अगदीच ढब्बू.

“पहिली फळी अशीच घ्यायची. रुंद. डुलती कमी, माणसाला झेलती जास्त.”

“लाल लई देखणी हाय पण,” गहिनीनाथ म्हणाला.

“देखण्या जनावरानं लाथ मारली म्हंजी कळतं,” दाराशी बसलेली छबुबाई म्हणाली. ही त्याची बायको. फळीपायी दोन शेळ्या विकल्या होत्या. सकाळपासून ती नवऱ्याशी धड बोलली नव्हती.

धरणाकाठच्या एका सहकारी संस्थेचं हे गोदाम. अकरा सालांमागं संस्थेनं हौसेनं शिडाच्या फळ्या आणल्या. फळीवर उभं राहायचं, फळीला जोडलेलं शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्यावर पाणी कापत जायचं. शिकवायला माणूस हवा म्हणून अर्जुनरावाला गोव्याला पाठवून तयारही केलं. आणि मग दुष्काळ पडला तो असा, की धरणाच्या बुडाला भेगा गेल्या. लोक टँकरमागं धावत होते, फळीवर कोण चढतंय! फळ्या खताच्या पोत्यांखाली गेल्या. यंदा धरण काठोकाठ भरलं, पण तोवर संस्थाच मोडली होती. उरलंसुरलं सामान अर्जुनराव विकत होता.

त्या पहिल्या साली गहिनीनाथनं ते शीड पाहिलं होतं. दिवाळी उरकून ऊसतोडीला निघालेला ट्रक, धरण डाव्या हाताला ठेवून, काठानं चालला होता. पाण्यावर एक माणूस उभ्या उभ्या चालला होता. ना वल्हं, ना इंजिन. ट्रक वळला आणि सगळं झाडाआड गेलं. बघितलं असेल तेवढंच, पण जीव तिथंच अडकला. पुढं उसाच्या फडात वारा सुटला, पाचट सळसळायला लागलं, की त्याचा हात थांबायचा. ह्याच वाऱ्यावर आपणही तसं जावं, एकदा तरी जावं, असं वाटून आत नुसतं तुटायचं.

“घरात न्हाई दाणा आन् मला बाजीराव म्हणा,” छबुबाई म्हणायची. “मोळी उचला आदी.”

दरसाल जाताना ती ट्रकात डाव्या कडेलाच बसायची. दुसरीकडं बसलं की मळमळतं म्हणायची. त्या जागेसाठी बायांशी भांडायची. येताना मात्र तिला कुठंही चालायचं. यंदा धरण भरलं, गावातच कामं निघाली, आणि दोघांनी पहिल्यांदाच मुकादमाला नाही म्हणून सांगितलं.

“ते पिवळं शीड हाय का वो?” गहिनीनाथनं विचारलं.

“पिवळं न्हाई, केशरी हुतं,” छबुबाई मान वर न करता म्हणाली. “खाली निळा पट्टा.”

“केशरीच,” अर्जुनराव म्हणाला. “उंदरांनी खाल्लं. आता दोनच ऱ्हायली, एक मोठं, एक बारकं. वजन किती?”

“एकशे दहा.”

अर्जुनरावानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उंच, हाडापेराचा माणूस. पोट पाठीला लागलेलं.

“कुठं ठिवलंय वो काका एकशे दहा?”

“माझं सहासष्ट, हिचं चव्वेचाळीस.”

“दोघांचं कावून सांगता?”

“कोयता एकच हाय न्हवं आमचा,” गहिनीनाथ म्हणाला. त्यात काय विचारायचं, असंच त्याला वाटलं. तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कोयते मोजतो, माणसं मोजत नाही. बावीस सालं दोघं असेच मोजले गेले होते.

अर्जुनरावाला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. “काका, ह्याच्यावर एकच माणूस उभा ऱ्हातो. दोघं चढलात तर उलटणारच.”

गहिनीनाथचा चेहरा पडला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. अकरा सालं त्यानं मनात ती फळी चालवली होती, आणि दर वेळी छबुबाई मागं उभी होती, त्याला बोल लावत.

“आन् शीड माणसाच्या वजनावर असतंय,” अर्जुनराव पुढं म्हणाला. “मोठं घेतलं तर मावशींना ते पाण्यातनं उचलायचं न्हाई. बारकं घेतलं तर तुमी जागचे हलायचे न्हाई. दोन शेळ्यांत एक फळी आन् एकच शीड. मंग बोला, कुणाचं वजन धरू?”

गोदामाच्या दारातून वारा आत आला. बाहेर धरण चमकत होतं. गहिनीनाथ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव घ्यायला त्याला लाज वाटत होती. तशी गरजही नव्हती म्हणा. ताजी भाकरी एक असो, कोरडी वाकळ एक असो, खोपीतली सपाट जागा एक असो, छबुबाईनं “ह्यांना द्या” म्हणायचं हे बावीस सालांचं ठरलेलं. ती आत्ताही म्हणेल म्हणून तो वाट पाहत होता.

छबुबाई उठली. पांढऱ्या फळीपाशी आली. वहाणा काढल्या, पदर कमरेला खोचला.

“चव्वेचाळीस धरा, भाऊ.”