लाल कडी

आमचे हे लोकांच्या बागांमधलं माजलेलं गवत कापतात, पेट्रोलच्या यंत्राने. रोज सकाळी अंगणात त्या यंत्राची तपासणी होते. ती पुरी होईपर्यंत मी पाणीही पीत नाही, असा माझा नेम आहे.

"पात्यावरचं कव्हर?" आज मी पायरीवरून विचारलं.

"घट्ट आहे, बाईसाहेब."

"बंद करायचं बटण?"

त्यांनी यंत्र सुरू करून बटण दाबलं. इंजिन थांबलं, पातंही थांबलं.

"लाल कडी?"

ही शेवटची. कडी ओढली की खांद्यावरच्या पट्ट्यातून यंत्र सुटून खाली पडायला हवं. पेट्रोलने पेट घेतलाच, तर माणूस तेवढ्यानेच वाचतो.

त्यांनी कडी ओढली. ती उघडलीही. यंत्र मात्र कमरेपाशी तसंच राहिलं.

"बघ, तुझ्यापेक्षा चिवट निघालं हे," ते हसले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

आता यंत्राला कुणीच धरलेलं नव्हतं.

"अहो, थट्टा पुरे. पट्टा काढा आणि इकडे या."

ते वाकून पट्ट्याखालून हळूच निसटले आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मी त्यांचा हात घट्ट धरला. मनात देवाचं नाव घेतलं.

यंत्र अधांतरीच होतं. वरचा पट्टा गोलाकार, भरलेला, कुणाच्या खांद्यावर असावा तसा.

ह्यांनी भीतीने श्वास रोखला होता. माझाही अडकला होता.

पट्टा मात्र सावकाश वर येत होता, खाली जात होता.