सख्ख्या भावंडाचा फोटो

लताने कानातल्या रिंगा काढून आईपुढे धरल्या, तर कोंडाबाईने हातच मागे घेतला. मशीनमध्ये तू जायचं नाही. नांदेडहून एसटीत बसल्यापासून तिचं हेच पालुपद चाललं होतं.

लातूरच्या त्या दवाखान्यात नळ महिनाभर कोरडे होते, पण डॉक्टर सौदामिनींचं संशोधन थांबलेलं नव्हतं. त्यांनी सकाळीच नीट समजावून सांगितलं होतं. डोक्याच्या मागे, मानेच्या वर लहान मेंदू असतो. चालताना तोल सांभाळणं हे त्याचं काम. पण विचारांचा तोलही तोच सांभाळतो का, आणि स्किझोफ्रेनियात तिथंच काही बिघडतं का, हे त्या तपासत होत्या. त्यासाठी मशीनमध्ये काढलेला रुग्णाच्या मेंदूचा फोटो हवा आणि त्याच्या धडधाकट सख्ख्या भावंडाच्याही मेंदूचा.

रुग्ण म्हणजे लताचा थोरला भाऊ नरसिंग. दहा वर्षं झाली, कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायचे. आत्ताही तो बाकावर बसून कुणाला तरी उत्तरं देत होता.

लताचं पुढच्या महिन्यात लग्न होतं. भोकरचा मास्तर, माणूस भला. पण एकाच रक्ताची आपण, उद्या आपलंही असंच झालं तर? या विचाराने तिची झोप उडाली होती. त्यात सकाळी डॉक्टरांनी तिला रेघेवर पावलापुढे पाऊल टाकत चालायला लावलं आणि ती दोनदा डगमगली. उन्हातून आलेल्या माणसाचं होतं असं, म्हणाल्या त्या. लताला मात्र ते पटलं नाही.

आणि आईने नेमकं तेव्हाच तोंड फिरवलं होतं! म्हणजे तिला ठाऊक आहे. आपल्यात काहीतरी दिसलंय तिला, म्हणूनच मशीन नको म्हणते.

"आई, खरं सांग. मला बी हे होणार हाय ना?"

कोंडाबाईने पोरीचा पांढराफटक चेहरा पाहिला. मग ती उठून डॉक्टरांकडे गेली.

"हिचं नाव खोडा, बाई. ही त्याची सख्खी बहीण न्हाई. इथल्या भूकंपात सापडलेली हाय. कुणी हिला सांगू नये म्हणून तर गाव सोडून नांदेडला आले."

लताचा जीव भांड्यात पडला. ते रक्त आपलं नाही! दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की भावाकडे बघवेना. मग तिने विचारलं, मी कुणाला सापडले?

"नरसिंगाला. नऊ वर्षांचा होता. ढिगाऱ्याखाली बाळ रडतंय म्हणाला. जवानांनी कान लावून बघितलं, गावानं बघितलं, कुणालाच काय ऐकू आलं न्हाई. पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून समदे निघून गेले. हा एकटाच हातानं दगड उपसत बसला."