काचेवरचं ऊन

तनयाने शटरचा वेग आणखी वाढवला, तरी बॉनेटवरचा पांढरा डाग जाईना. पांढरी गाडी, आणि वर तमिळ मुलखातल्या आवडी गावचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन. आयएसओ शंभरवर आणून झाला होता, लेन्सवर हूड चढवून झालं होतं. उजेड कमी करावा तर टायर आणि सीट काळेकुट्ट येत, वाढवावा तर पत्राच नाहीसा होई.

"काका, संध्याकाळी काढले असते तर किती छान आले असते," ती म्हणाली.

"आज रविवार. साडेचार ते सहा राहुकाळ," रामस्वामी म्हणाले. "विकण्याच्या वस्तूचा फोटो राहुकाळात कशास?"

रामस्वामी तंजावरकडचे मराठी, संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. तनया साताऱ्याची. आयटीतली नोकरी आणि रविवारचा कॅमेरा एवढं घेऊन ती वर्षभरापूर्वी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आली होती. काकांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी तिला हसू आलं होतं, आणि तिचं ऐकून काकांना. आता मोतीबिंदूनंतर मुलीने, वाणीने, त्यांना गाडी चालवायची बंदी केली होती. म्हणून ही विक्री.

सकाळपासून त्यांनी गाडी धुतली होती, चारी दारं उघडी टाकून मॅट वाळवल्या होत्या, दोनदा पॉलिश मारलं होतं. मग दारं लावून, गाडी स्वतःच चालवत त्यांनी पोर्चमधून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर आणली होती. ही शेवटची खेप, म्हणून वाणीही काही बोलली नव्हती. पलीकडे कुणाच्या तरी जागेत बोअरवेलचं यंत्र घरघरत होतं. त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं.

तनयाने समोरून फोटो घेतले, मागून घेतले. मग बाजूला गुडघ्यावर बसून मागच्या दाराचे घेतले. काचेत निळं आभाळ आणि समोरची पांढरी इमारत जशीच्या तशी उतरली होती. तिने कोन बदलला. इमारत थोडी सरकली, इतकंच.

"पुरे, अम्मा," रामस्वामी म्हणाले. त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती. "चमकते आहे, बास. घेणाऱ्यास चमकच पाहिजे."

"काचा आरशासारख्या दिसताहेत. आतल्या सीट दिसायला नकोत? पोलरायझर लावून एक घेते."

"ते काय आणखी?"

"चकाकी कापणारी काच असते, काका."

ते वैतागून सावलीकडे निघाले. तनयालाही क्षणभर वाटलं, जाऊ दे. ओळखीतलं काम, गाडीही जुनी. पण तिला खराब फोटो देववत नसे. तिने हूड काढलं, बॅगेतून फिल्टर काढून पुसला आणि लेन्सवर चढवला. समोरून त्याचा उपयोग होत नाही, म्हणून ती गाडीच्या कडेला तिरकी उभी राहिली आणि कॅमेऱ्यातून बघत फिल्टरची कडी हळूहळू फिरवू लागली.

आभाळ गडद झालं. मग काचेवरची इमारत विरली, पडदा सरकावा तशी. आतली करडी सीट दिसू लागली. आणि काचेच्या खालच्या कडेला टेकलेला एक लहानसा तळवा.

"काका! किल्ली!"

यंत्राच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ती धावत गेली आणि त्यांच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली. दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ आली. वाणीचा चार वर्षांचा मुलगा श्रीवत्स दाराला टेकून बसला होता. चेहरा लालभडक, ओठ कोरडे, डोळे अर्धवट मिटलेले. मॅट वाळत असताना तो कधीतरी आत शिरला होता आणि पुढच्या सीटमागे खाली झोपून गेला होता. मागच्या दारांना चाइल्ड लॉक होतं, ती आतून उघडत नसत. घरात वाणीला वाटत होतं, तो शेजारी कार्टून बघतोय.

"कण्णा! अय्यो, माझ्या कण्णा!" रामस्वामी तिच्या मागोमाग धावत आले. तनयाने मुलाला उचलून सावलीत आणलं, बाटलीतलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं आणि वाणीला हाका मारल्या. त्याच गाडीतून, सगळ्या काचा खाली करून, वाणीने त्याला दवाखान्यात नेलं. तनया मागे त्याला मांडीवर घेऊन ओल्या ओढणीने पुसत राहिली. रामस्वामी पुढे बसून सारखे मागे वळून बघत होते.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

रामस्वामी वॉर्डमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तमिळमधून तेच सांगत होते. आपण दोनदा पुरे म्हटलं असतं तर या मुलीने ऐकलं असतं, पण एकदाच म्हटलं. हिची नजर बघा, बंद काचेतून पोर दिसलं. वाणीने तनयाचा हात धरला तो सोडलाच नाही. "तू बघितलंस म्हणून," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तनयाला संकोच वाटत होता, आणि बरंही वाटत होतं.

श्रीवत्सला जाग आली. हाताला सलाईन होतं. त्याने आईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि मग त्याची नजर तनयावर थांबली.

"अक्का," तो म्हणाला, "मी केव्हाचा हात हलवत होतो. तू माझ्यासमोर बसून माझे फोटो काढलेस. मग दार का नाही उघडलंस?"