घट्ट टाके

बायकोचं तेच ब्लाउज चौथ्यांदा बारीक करायला घेतलं आणि गोविंदा टेलरने वैतागून मशीन थांबवलं. बाजूंना इतकं कापड जमलं होतं की आणखी एक टीप मारली असती तर सुईच मोडली असती.

राळेगावातल्या त्याच्या दुकानात हल्ली बायका कपडे शिवायला कमी आणि कांताबाईला बघायला जास्त यायच्या. उन्हाळ्यापर्यंत वजनामुळे तिला एसटीची पायरी चढवत नव्हती, गुडघे बोलायचे. गोविंदानेच हट्ट धरून तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथे तोंडातून दुर्बीण घालून जठराला आतून टाके घालतात. त्याने पोट लहान होतं, खाणं कमी होतं, आणि वरून ओरखडासुद्धा दिसत नाही. टाक्यांचा मामला म्हटल्यावर टेलरला ते लगेच पटलं होतं.

तो बाहेर बाकावर बसून राहिला. ती बाहेर आली तेव्हा थकलेली दिसत होती.

"झालं?"

"झालं. चाला घरी."

पुढच्या तपासणीला ती एकटीच जाऊन आली. त्याच्याकडे लग्नाचे कपडे पडले होते.

तेव्हापासून ती दोन घास खायची आणि ताट सरकवायची. वजन भराभरा उतरलं. बायका दवाखान्याचा पत्ता विचारायच्या, ती नुसती हसायची.

हाल झाले ते गोविंदाचे. "फोडणीचा वास सहन नाही होत मले," असं म्हणून तिने गॅसपुढे त्यालाच उभं केलं.

"या वयात भाकर शिकू मी?"

"शिका न. पीठ गरम पाण्यात मळा."

"मंग तू कायले आहेस?"

"मी बसली आहो न इथं. पाहून राह्यली."

दिवसभर मशीन, संध्याकाळी तवा. बोटं भाजली, पाठ मोडून आली, जीव नुसता विटून गेला. पण ती काही त्याला सोडेना. भाकर झाली की वरण, वरण झालं की भाजी.

शेवटी एकदाची भाकर फुगली. त्याने ती तिच्याच ताटात वाढली. तिने कौतुकाने चतकोर मोडला, आणि तोही तिला संपला नाही. गोविंदाला फार वाईट वाटलं. बारीक बायको त्याला हवीच कुठे होती? चालती-फिरती हवी होती. आता तर ती अंगणापर्यंत जाऊन दमायची.

टाके जास्तच घट्ट बसलेत, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि घट्ट शिवण उसवता येते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. दोरा आणायचा आहे असं तिला सांगून तो सकाळच्या एसटीत बसला.

"साहेब, तुमच्या कामाले नावं नाही ठेवत मी," तो डॉक्टरांना म्हणाला. "पण बाई जेवतच नाही. दोन-तीन टाके उसवून द्या. वजन वाढलं तं वाढू द्या. माही भाकर चांगली फुगते आता."

 डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

"गोविंदराव, कांताबाई नंतर एकट्याच आल्या होत्या. उपचार सुरू करायला तुम्हाला घेऊन येते म्हणाल्या. परत आल्याच नाहीत."

"उपचार कायचे? टाके तं घातलेच न तुमी?"

"त्या दिवशी दुर्बिणीत गाठ दिसली. आम्ही टाके घातलेच नाहीत."