कोऱ्या भिंती

“याच भावात बिल्डर समोरच्या इमारतीत कोरं घर देतोय, मग हे वापरलेलं कशाला?” घर बघायला आलेली बाई नवऱ्याच्या कानाशी कुरकुरली आणि दोघं चपला घालून निघाली. दिरांची बदली झाल्यापासून हे सहावं गिऱ्हाईक.

धाकटी जाऊ सोफ्यावर बसली. त्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. घराची किंमत उतरू नये म्हणून तीन वर्षांत तिने भिंतीत एक खिळा ठोकू दिला नव्हता. माझ्या भिंतींची खिळ्यांनी पार चाळण झालेली.

“विकलं जाईल गं,” मी तोंडदेखलं म्हटलं.

“बरं वाटलं ना, जाऊबाई? जळत होतात माझ्यावर,” ती म्हणाली. “आणि मी या प्लास्टिकवर बसून तुमच्या भिंतींवर.”