नविनचा मुरगळलेला पाय

रानशेतला रिक्षातून उतरताना नविनने आधी एक पाय बाहेर काढला, मग बराच विचार करून दुसरा. रिक्षावाला आरशातून बघत होता. नविनने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि दोन्ही पायांत चांगलं अंतर राखून, बदकासारखा घराकडे निघाला.

घरी सांगितलं होतं, तलासरीला जिजाताईकडे जातो. गेला होता डहाणूला, सरकारी दवाखान्यात, नसबंदी करून घ्यायला.

हे बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणात योगिता मरता मरता वाचली होती. तिसरं नको, हे दोघांचं तिथेच ठरलं. ऑपरेशन बाईनेच करायचं, असा पाड्यावरचा रिवाज. पण नर्सबाई नविनला म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त नाही, हिचं पोट कशाला उघडता? तुमचं काम चहा पिण्याइतक्या वेळात होतं." नविनने तो चहा बरेच दिवस टाळला. शेवटी गेला.

आणि झालंही तसंच. सुई टोचली तेवढी कळली. चीर नाही, टाका नाही, एक बारीक भोक पाडून डॉक्टरांनी काम उरकलं. मग म्हणाले, "दोन दिवस पडून राहा. आठवडाभर ओझं उचलायचं नाही, सायकल नाही, चढणं-बिढणं तर नाहीच."

चहाइतकंच काम, मग चढायला काय होतंय, असं तो धरून चालला होता. आणि उद्या सकाळी त्याला सगळ्या पाड्यासमोर ताडावर चढायचं होतं.

बांधावरच्या ताडांची ताडी त्याचा बाप शुक्रा साठी उलटली तरी स्वतः उतरवायचा. यंदा म्हणाला, आता पोरांनी बघावं. थोरल्या हाल्याला माळ्यावर चढलं तरी गरगरतं. उरले नविन आणि शुक्राचा पुतण्या दिपक. जो बरा चढेल, त्याचे ताड. नविनला ते ताड हवे होते.

पण खरं कारण सांगायची सोय नव्हती. पाड्यावर चैत्याची गोष्ट प्रसिद्ध होती. चैत्याने नसबंदी केली आणि लगेच ताडावरून पडला. त्या दिवशी तो सकाळपासून स्वतःच उतरवलेली ताडी पीत होता, एवढं मात्र सांगणारे गाळत. नस कापली की पायातली ताकद जाते, हे पक्कं झालं. आणि ज्याची ताकद शाबूत, तो माणूस कसा असतो, हे दाखवायला सगळे शुक्राकडे बोट करत. चार पोरांचा बाप, या वयात सरसर वर जातो. शुक्रा हे ऐकून हसायचा आणि विडी पेटवायचा. नर्सबाई एकदा त्याच्या अंगणात पुरुषांना समजवायला बसल्या, तेव्हा त्याने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाला, "बाय, ही गोष्ट माझ्या घरात नको."

अशा बापाला काय सांगणार?

शुक्रा ओट्यावर बसून ताडावर चढायचा दोर वळत होता. बाजूला दिपक बसला होता.

"असा काय चालतंस?" शुक्राने विचारलं.

"पाय मुरगळला."

तेवढ्यात योगिता पाणी घेऊन बाहेर आली. नवऱ्याचं बोलणं तिने ऐकलं नव्हतं. "गळू झालंय त्यांना," ती म्हणाली. "मांडीला."

शुक्राने आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"मुरगळलेल्या पायालाच झालंय," नविन म्हणाला.

आत चुलीपाशी त्याच्या आईला, नवशीला, जोरात ठसका लागला.

दिपक हसला. "काका, हा घाबरलाय. मी एकटाच चढतो उद्या."

"उद्या कोण नाय चढायचा," शुक्रा म्हणाला. "दोर कच्चा हाय. पुढच्या हप्त्यात बघू."

"नवा कोरा तर आहे."

"कच्चा हाय."

दिपक तोंड पाडून गेला. शुक्राने नविनला खुणेने घरामागे बोलावलं. नविन बदकासारखा मागोमाग गेला. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात आता उरलं नव्हतं.

"बाबा, मी नसबंदी करून आलो. ताड द्यायचे तर दिपकला दे. मला योगिता पाहिजे. परत तिला तशी पडलेली बघायची माझ्यात ताकद नाय."

शुक्राने विडी पेटवली.

"लंगोट घट्ट बांधलास?"

"हां," नविन गोंधळून म्हणाला.

"घट्टच ठेव. आठवडाभर झाडाला हात लावायचा नाय. मग चढ खुशाल. ताकद-बिकद कुठं जात नाय. चैत्या पडला तो ताडीनं."

नविनला कानांवर विश्वास बसेना. बाप रागावला नव्हता. त्याला एकदम रडू येईलसं वाटलं.

"तीन महिन्यांनी तपासायला बोलावलाय?" शुक्राने विचारलं.

"हां. पण आता परत कशाला जायचं? झालं ना एकदा."

शुक्राने त्याचं मनगट गच्च धरलं. "जायचा. आधीचा बीज आत राहिलेला असते. तपासून डॉक्टर हां बोलत नाय, तोवर जपून राहायचा. सुनेला पण सांग."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"डॉक्टरनं. डहाणूलाच. आमच्या वेळी चीर देत."

नविनची नजर बापाच्या कमरेखाली गेली.

"मला पण बोलावलेला तपासायला," शुक्रा म्हणाला. "मी नाय गेलो."

"मग?"

शुक्राने मुलाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा निरखलं.

"मग तू झालास."