पडदा कधी पाडायचा

"रंगमंच व्यवस्थापक म्हणजे नाटकाचा कणा!" असं सांगून घैसाससरांनी पहिल्याच दिवशी चारुताच्या हातात झाडू दिला. लेखक, दिग्दर्शक आणि नायकही तेच, त्यामुळे कण्याला चहासुद्धा आणावा लागे. नियम एकच: सरांनी मान डोलावल्याशिवाय पडदा पाडायचा नाही.

स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत शेवटच्या प्रवेशात सर विष पिऊन मरायला लागले. तालमीत दर वेळी लांबत गेलेलं ते मरण आज आणखीच रंगलं. मधेच ते संवाद विसरले आणि बिनदिक्कत पहिल्या अंकातलं भाषण म्हणू लागले. म्हणजे आता सगळं नाटक पुन्हा! विंगेत चारुता पडद्याच्या दोरीकडे धावली. मानेची वाट न पाहता तिनं दोरी ओढली.

"माझा खून केलास!" पडद्याआड मेलेले सर ओरडले.

दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस सरांनाच मिळालं. "मरण अर्ध्यावर तोडायचं धाडस विरळाच," परीक्षक म्हणाले. सरांनी ते धाडस अत्यंत नम्रपणे स्वीकारलं. आभार मानताना ते फक्त चारुताला विसरले.

ती रंगमंच झाडत होती, तेव्हा सर ढाल मिरवत आले. "अंतिम फेरीतही पडदा तिथंच पाड. पण मला विचारून!"

चारुतानं आज्ञाधारकपणे मान डोलावली आणि झाडू त्यांच्या हातात दिला.